ठिपक्यांतलं संगीत

लुई ब्रेल म्हटलं, की आपल्याला अंधांची लिपी आठवते आणि गाडी तिथंच थांबते. हा माणूस पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, चेलोही वाजवायचा, हे सहसा कुणी सांगत नाही. १८२९ मध्ये त्यानं आपली पद्धत पुस्तकातून मांडली, तेव्हा पुस्तकाच्या नावातच शब्दांसोबत संगीत लिहिण्याचाही उल्लेख होता. म्हणजे संगीत हे काही मागाहून जोडलेलं शेपूट नव्हतं.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा, पॅरिसजवळच्या कुव्रे गावातला. वडील घोड्यांचे लगाम, खोगीर बनवायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या दुकानात खेळत असताना आरी त्याच्या डोळ्यात घुसली. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पोरगं पूर्ण आंधळं झालं. तरी तो गावच्या शाळेत बसून, ऐकून ऐकून शिकला आणि १८१९ मध्ये पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला.

तिथं पुस्तकं होती, पण नेहमीचीच अक्षरं कागदावर उठवलेली. एकेक अक्षर चाचपत वाचायचं, आणि स्वतः लिहायचं तर नावच नको. याच शाळेत संगीत मात्र जोरात शिकवलं जायचं, कारण ऑर्गन वाजवून पोट भरता येत होतं. पण शिकायचं कसं? दुसऱ्यानं वाजवायचं, आपण लक्षात ठेवायचं. विसरलात, की पुन्हा त्याच्याच दारात.

शार्ल बार्बिए नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. कल्पना भारी होती, पण बारा ठिपके एका बोटाखाली मावत नव्हते. ती उच्चारांवर बेतलेली, त्यामुळे शुद्धलेखन नाही आणि संगीतही नाही. लुईनं ठिपके सहावर आणले. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी त्याची लिपी बऱ्यापैकी तयार होती.

आज वापरात असलेल्या ब्रेल संगीतलिपीत पाच रेषा नसतातच. सहापैकी वरचे चार ठिपके स्वर सांगतात आणि खालचे दोन तो किती वेळ धरायचा ते. एका बोटाखाली दोन्ही गोष्टी! अडचण एवढीच, की ऑर्गनला दोन्ही हात लागतात, पायही लागतात. मग वाचायचं कशानं? म्हणून आधी बोटांनी वाचायचं, पाठ करायचं आणि मगच वाजवायचं. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं आपलं पाठांतर यापुढं काहीच नाही. फरक हा, की आता विसरलं तर कुणाला विचारायला जायला नको. ब्रेलचा मित्र गाब्रिएल गोतिए याच शाळेतला. तोही अंध, पुढं ऑर्गनवादक आणि संगीतकार झाला.

ब्रेल याच शाळेत शिक्षक झाला. पण १८४० मध्ये आलेल्या नव्या संचालकांना, द्यूफो यांना, ठिपके खपेनात. अंधांनी डोळसांचीच अक्षरं वापरावीत, असं त्यांचं मत. त्यांनी बंदी घातली. मुलं लपूनछपून ठिपक्यांतच लिहीत राहिली. कुणाला काय सोयीचं, हे त्याला न विचारता ठरवणारे लोक तेव्हाही होते. (आपल्या गॅदरिंगच्या कमिटीत अंध किंवा कर्णबधिर मित्र किती असतात, आठवून पाहा.) शेवटी १८४४ मध्ये, शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात ही लिपी लोकांसमोर वापरून दाखवली गेली आणि विरोध मावळला.

क्षयानं पोखरलेला ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी गेला, त्रेचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी. फ्रान्सनं लिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये. त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, १९५२ मध्ये, त्याचे अवशेष पॅरिसच्या पाँतेआँमध्ये हलवले गेले. हात मात्र कुव्रेतच ठेवले.

२००९ मध्ये, त्याच्या जन्माला २०० वर्षं झाली तेव्हा, भारत सरकारनं ब्रेलचं दोन रुपयांचं नाणं काढलं. घरातल्या जुन्या चिल्लरीत एखादं सापडेलही.