लोकमान्य आणि दुष्काळाचा कायदा

इ. स. १८९६ साली पावसाने दगा दिला. आरंभीचा पाऊस पडला, पेरण्या झाल्या, पिके वाऱ्यावर डोलू लागली. परंतु ऐन दाणा भरण्याच्या वेळी आभाळ कोरडे झाले. दख्खनच्या पठारावर उभी पिके करपली. रब्बीची पेरणी कित्येक ठिकाणी झालीच नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिज्वराचे, म्हणजे प्लेगचे, रोगी आढळले. अशा रीतीने महाराष्ट्रावर एकामागून एक दोन संकटे कोसळली. एकाने लोकांच्या मुखातील घास हिरावून घेतला, आणि दुसऱ्याने त्यांची घरची माणसे.

बाळ गंगाधर टिळक यांचे वय त्या वेळी चाळीस वर्षांचे होते. त्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक असून संस्कृत व गणित या विषयांत निष्णात होते. टिळकांनी १८७९ साली कायद्याची पदवी घेतली. परंतु वकिली करून पैसा जोडण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले व पुढच्याच वर्षी ‘केसरी’ पत्र निघाले, त्या दोन्ही कार्यांत ते अग्रभागी होते. १८९५ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले. ही हकीकत सर्वांस ठाऊक असते. शिकलेल्या कायद्याचा त्यांनी दुष्काळात उपयोग कसा केला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

त्यासाठी वीस वर्षे मागे गेले पाहिजे. इ. स. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिण हिंदुस्थानात महाभयंकर दुष्काळ पडला होता. अन्नान्न करीत आणि पाठोपाठ आलेल्या रोगांनी पन्नास लाखांहून अधिक माणसे मरण पावली, असा अंदाज आहे. एवढा अनर्थ घडल्यावर सरकारला जाग आली. सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमण्यात आला. १८८० साली आयोगाने आपला अहवाल दिला व त्यानुसार दुष्काळनिवारणाचे नियम तयार झाले. या नियमसंग्रहास ‘फॅमिन कोड’ असे म्हणत.

हे नियम कागदावर तरी फार चांगले होते. पीक बुडाले की पाटील-कुलकर्ण्यांनी मामलेदारास व मामलेदाराने कलेक्टरास वेळीच खबर द्यावी. ज्यांच्या अंगात काम करण्याची शक्ती आहे त्यांच्यासाठी तलाव खणणे, खडी फोडणे, रस्ते बांधणे अशी कामे काढावीत. मजुरी ठरविताना बाजारातील धान्याचा भाव पाहावा, म्हणजे दिवसभराच्या कष्टानंतर मजुराच्या पोटाला पुरेल एवढे धान्य त्याला विकत घेता यावे. म्हातारे, आजारी, अपंग यांना काम न करताही मदत द्यावी. शेतकऱ्याला बी-बियाणे व बैल घेण्यासाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळण्याचीही सोय होती. पीक हाती आले नसेल तर शेतसाऱ्याची वसुली तहकूब करता येत असे, आणि हानी फारच मोठी असेल तर साऱ्यात सूटही देता येत असे.

पीक किती आले हे त्या काळी आण्यांत मोजीत. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. या मोजणीस आणेवारी म्हणत. आणे गेले आणि पैसे आले, तरी ही रीत मोडली नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या हिवरखेडसारख्या वऱ्हाडातील गावी आजही हंगाम बिघडला की आपल्या गावची पैसेवारी किती लागली याची चौकशी चावडीवर आणि पारावर होत असते. कारण पुष्कळशी मदत पूर्वी त्या एका आकड्यावर अवलंबून असे. तो आकडा पन्नास पैशांच्या खाली आला की वर राहिला, एवढ्यावरून अख्ख्या गावाचे वर्ष बदलत असे.

दुष्काळनिवारणासाठी पैसाही बाजूला काढावयाचा होता. १८७७-७८ च्या सुमारास सरकारने नवे कर बसविले व त्यांतून दरवर्षी दीड कोटी रुपये दुष्काळाकरिता राखून ठेवू असे जाहीर केले. टिळकांचे म्हणणे असे की, हा पैसा रयतेने आधीच भरलेला आहे. तेव्हा दुष्काळात मदत मागणारा शेतकरी भीक मागत नाही. तो आपले देणे परत मागतो.

अडचण एकच होती. हे नियम इंग्रजीत होते आणि ते सरकारी कचेऱ्यांच्या कपाटांत होते. ज्याच्यासाठी ते केले, त्या शेतकऱ्याला त्यांची वार्ताही नव्हती. त्याला ठाऊक होते ते एवढेच, की सारा भरला नाही तर जमीन जप्त होते. म्हणून तो सावकाराकडे जाई, जबर व्याजाने कर्ज काढी, घरातील भांडी आणि गोठ्यातील बैल विकी, आणि सारा भरून टाकी. बैल विकल्यावर पुढच्या वर्षी पाऊस पडला तरी त्याच्या हातून शेत कसे व्हावे? कायद्यात सवलत असूनही केवळ अज्ञानामुळे हजारो कुटुंबे देशोधडीस लागत होती.

पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली होती. सार्वजनिक काका या नावाने प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी हे तिचे आधारस्तंभ होते, आणि १८७६ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली होती. १८९५ साली सभेचा कारभार टिळक व त्यांचे सहकारी यांच्या हाती आला. टिळकांनी जुन्या कामाला नवे वळण दिले. सरकारला लोकांची स्थिती कळविणे पुरेसे नाही. लोकांना सरकारचा कायदा कळविला पाहिजे, असे त्यांनी ठरविले. सभेने दुष्काळाच्या नियमांचा मराठीत सारांश छापून त्याच्या प्रती वाटल्या. ‘केसरी’तून आठवड्यामागून आठवडा तेच नियम सोप्या भाषेत समजावून सांगण्यात आले. ज्याला वाचता येत होते त्याने वाचावे आणि इतरांनी भोवती बसून ऐकावे, अशी त्या काळची रीत होती.

एवढ्यावर न थांबता सभेने आपले प्रचारक खेड्यांत पाठविले. त्यांत कॉलेजात शिकविणारे विद्वान होते, तसेच तरुण पदवीधरही होते. ते गावोगाव जाऊन लोकांना एकत्र जमवीत, कोणते पीक किती बुडाले ते विचारीत, टाचणे करीत, आणि अर्ज कोणाकडे व कसा करावयाचा ते सांगत. शहरात वाढलेल्या या मंडळींना उन्हातान्हातून चालण्याची सवय नव्हती. पण दुष्काळ सवयीची वाट पाहत नाही.

टिळकांचा उपदेश दोन बाजूंनी होता. पीक खरोखर बुडाले आहे त्याने सारा भरण्यासाठी कर्ज काढू नये, घरदार विकू नये. निर्भयपणे अर्ज करून तहकुबी मागावी. त्याचबरोबर भुकेने व्याकूळ झालेल्या लोकांनी बाजार लुटू नयेत, हेही त्यांनी तितक्याच कठोरपणे बजाविले. त्या वर्षी धान्याची दुकाने लुटल्याचे प्रकार काही ठिकाणी घडले होते. दुकानदार हा आपलाच शेजारी आहे. त्याच्या दारी दगड घेऊन जाण्यापेक्षा कलेक्टरच्या दारी जाऊन काम व अन्न मागावे, असा त्यांचा आग्रह होता. भित्रेपणा आणि दंगेखोरपणा हे दोन्ही दोष त्यांना सारखेच अप्रिय होते.

सरकारला ही चळवळ रुचली नाही. सरकारने केलेलाच कायदा लोकांना समजावून देणे हा वास्तविक गुन्हा कसा होईल? तथापि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत सभेच्या प्रचारकांवर खटले भरण्यात आले. १८९७ साली मुंबई सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. यापुढे सभेने सार्वजनिक प्रश्नांवर सरकारकडे अर्ज पाठविले तर त्यांची दखल घेतली जाणार नव्हती. सरकारने दुष्काळी कामे काढलीच नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. देशभर लक्षावधी माणसे त्या कामांवर जगली. पण साऱ्याच्या तहकुबीच्या बाबतीत हात आखडता घेतला गेला, आणि नेमका तोच प्रश्न शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा होता.

टिळक केवळ लेख लिहून स्वस्थ बसले नव्हते. पुण्यात त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडविली. सोलापुरात हजारो विणकरांचे माग बंद पडले होते. ज्यांचे हात सुताच्या धाग्याला सरावलेले, त्यांनी खडी कशी फोडावी? बोटे एकदा निबर झाली की ती मागावर पुन्हा नीट चालत नाहीत. म्हणून टिळक स्वतः सोलापुरास गेले. तेथील व्यापाऱ्यांशी विचारविनिमय करून त्यांनी एक योजना आखली. विणकरांना त्यांच्या घरीच विणकाम द्यावे, तयार कापड पुढे विकावे, आणि त्यात येणाऱ्या तुटीचा काही भार सरकारने उचलावा, असे तिचे स्वरूप होते. योजना व्यवहारी होती. परंतु सरकारची साथ लाभली नाही आणि ती बारगळली. टिळकांच्या सगळ्याच प्रयत्नांना यश आले असे नाही.

तोच प्लेग पुण्यात येऊन पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यातील व्यवस्था रँड नावाच्या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. रोगी शोधण्यासाठी गोरे सोजीर घरांत शिरू लागले. ते स्वयंपाकघरात आणि देवघरात जात, सामान बाहेर फेकीत, स्त्रियांची विटंबना होत असे. भीतीने लोक आपले आजारी माणूस लपवून ठेवीत, आणि त्यामुळे रोग अधिकच पसरे.

टिळकांची भूमिका येथेही समजून घेण्यासारखी आहे. रोग्याला निराळे ठेवावे, संशयितांना शहराबाहेर छावणीत न्यावे, घरे स्वच्छ करावीत, हे उपाय आवश्यक आहेत असे ते स्वतः लोकांना सांगत. त्यांचा विरोध उपायांना नव्हता, ते अमलात आणण्याच्या निर्दय रीतीला होता. सरकारी इस्पितळात जाण्यास लोक भितात हे पाहून त्यांनी वर्गणी जमवून हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उघडले. छावणीत मोफत भोजनाची सोय केली. तपासणीच्या पथकांबरोबर ते स्वयंसेवक म्हणून हिंडले. शहरातील पुष्कळ प्रतिष्ठित माणसे गाव सोडून गेली होती. टिळक गेले नाहीत. याच साथीत रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. पुढे १९०३ साली टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ हाही प्लेगलाच बळी पडला.

२२ जून १८९७ रोजी रात्री रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. सरकार खवळले. ‘केसरी’तील लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवून २७ जुलै रोजी त्यांना पकडण्यात आले, आणि १४ सप्टेंबर रोजी अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. दुष्काळात आणि साथीत राबणारा माणूस तुरुंगात गेला.

त्या वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन वऱ्हाडात, अमरावती येथे भरले. अध्यक्षस्थानी शंकरन नायर होते. स्वागताची जबाबदारी अमरावतीचे नामांकित वकील आणि टिळकांचे स्नेही दादासाहेब खापर्डे यांच्याकडे होती. मंडपात टिळक नव्हते, तरी त्यांचे नाव होतेच. बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी त्यांच्याविषयी उघडपणे सहानुभूती व्यक्त केली, तेव्हा सारी सभा हेलावली. मॅक्सम्युलर यांच्यासारख्या युरोपीय पंडितांनीही टिळकांच्या सुटकेची रदबदली केली, आणि ६ सप्टेंबर १८९८ रोजी ते मुक्त झाले. त्यांची प्रकृती पार ढासळली होती.

एक वर्ष उलटते न उलटते तोच १८९९ चा पाऊस गेला. हा दुष्काळ आधीच्यापेक्षा भीषण होता आणि या वेळी वऱ्हाडही होरपळून निघाले. काळ्या कसदार जमिनीच्या भरवशावर राहिलेल्या कुणब्यांनाही खडी फोडण्याच्या कामावर जावे लागले. त्यानंतर सर अँटनी मॅक्डोनेल यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक आयोग बसला. १९०१ सालच्या आपल्या अहवालात त्याने सरकारला सल्ला दिला की, दुष्काळाची चिन्हे दिसताच साऱ्याची तहकुबी जाहीर करावी, बी आणि गुरे यांसाठी तगाई वेळेवर द्यावी, आणि ही मदत मिळणार आहे हे लोकांना आधीच कळवून त्यांचा धीर टिकवावा. सभेचे प्रचारक पाच वर्षांपूर्वी हातात टाचणवही घेऊन खेडोपाडी हेच सांगत हिंडले होते.