कँडीच्या चौकातील प्रार्थना : संत जोसेफ वाझ

दरवर्षी १६ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जोसेफ वाझ यांचा सण साजरा करते. वाशी, नेरूळ, पनवेल परिसरात स्थायिक झालेल्या अनेक कॅथलिक कुटुंबांचे मूळ गोव्यात असल्याने हे नाव आपल्याला परके नाही. कँडी येथे त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला, ही कथाही बहुतेकांनी ऐकलेली असते. मात्र त्या पावसापूर्वीची वर्षे आपण सहसा आठवत नाही आणि आमच्या मते खरा बोध तेथेच आहे.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लेखी पत्र करून स्वतःला पवित्र मरियेचे दास म्हणून अर्पण केले. काही वर्षे कानडा प्रांतात सेवा केल्यावर जुन्या गोव्यातील ऑरेटरीत ते सामील झाले.

त्या काळी श्रीलंकेच्या किनारपट्टीवर डचांची सत्ता होती. १६५८ पासून तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. जवळजवळ तीस वर्षे तेथील भाविक मिस्साबलिदानाविना व पापनिवेदनाविना जगत होते. आपल्या प्रजेला सोडणार नाही, हे प्रभूचे वचन त्यांनी कोणत्या बळावर धरून ठेवले असेल! फादर वाझ १६८७ साली मजुराच्या वेषात जाफन्यास उतरले, तेव्हा त्या लोकांच्या प्रार्थनेचे उत्तरच चालत आले होते. पण ते उत्तर हगवणीने अंथरुणाला खिळलेले होते. कोणा दयाळू स्त्रीने आणून दिलेल्या पेजेवर ते जगले, असे सांगतात. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत फिरले. जपमाळ पाहून ज्याचे डोळे चमकतील तो आपला, एवढीच ओळखीची खूण.

१६९२ साली ते कँडीच्या राज्यात गेले. तेथे पोर्तुगिजांचे हेर ठरवून त्यांना बंदिवासात टाकण्यात आले. लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी ज्याने सर्वस्व सोडले, त्याच्यापुढे बंद दार! आपण असतो तर देवाने आपले ऐकले नाही, असे म्हणून मोकळे झालो असतो. फादरांनी त्या कोंडीत सिंहली भाषा शिकून घेतली व जमेल तशी वेदी उभारून उपासना चालू ठेवली. देवाचे वचन खरे आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. ते केव्हा व कसे पूर्ण व्हावे, याची अट त्यांनी घातली नाही.

म्हणूनच १६९६ च्या अवर्षणातील प्रसंग आम्हांला केवळ चमत्कार वाटत नाही. मोरबे धरणाची पातळी खाली गेली की आपल्या घरांतही काळजी शिरते. तेथे तर शेते करपत होती. इतर प्रार्थना-विधी निष्फळ ठरल्यावर राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने फादरांना प्रार्थना करण्यास सांगितले. फादरांनी भर चौकात वेदी व क्रूस उभारला आणि सर्वांदेखत गुडघे टेकले. पाऊस आला नसता तर त्यांची व त्या लहानशा कळपाची काय गत झाली असती, याची कल्पना करावी. चरित्रकार सांगतात की, मुसळधार पाऊस कोसळला, पण फादर व वेदी कोरडी राहिली. त्यानंतर राजाने त्यांना राज्यभर सुवार्ता सांगण्याची मुभा दिली.

लगेच पुढच्या वर्षी, १६९७ साली, देवीची साथ आली. श्रीमंत पळाले, घरच्यांनी रुग्णांना टाकून दिले. या वेळी आभाळातून काही उतरले नाही. फादर वाझ व त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो रुग्णांच्या जखमा धूत, त्यांना जेवू घालीत, मृतांना पुरीत. प्रार्थना तीच होती, फक्त तिचे उत्तर आता त्यांच्याच हातांनी द्यायचे होते.

पुढे बिशपपद देऊ केले असता त्यांनी ते नाकारले. गोव्याला ते कधीच परतले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली त्यांना धन्यवादित घोषित केले व १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे समुद्रकिनारी जमलेल्या विशाल जनसमुदायासमोर त्यांना संतपद बहाल केले.