नकाशे काढावयास शिकविणारे पंतप्रधान

१८९४ साली हॉलंडमधील एका शेतकरी कुटुंबात विलेम स्खेर्मरहॉर्न यांचा जन्म झाला. डेल्फ्ट येथे भूमापनाचे प्राध्यापक असताना विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून नकाशे तयार करण्याच्या शास्त्रात त्यांनी नाव मिळविले. महायुद्धात जर्मनांनी त्यांना ओलीस ठेवले. १९४५ मध्ये देश मुक्त होताच ते पंतप्रधान झाले. १९४६ मध्ये इंडोनेशियाच्या नेत्यांशी वाटाघाटी करणाऱ्या डच मंडळाचे ते अध्यक्ष होते. पण नवस्वतंत्र देशांपाशी स्वतःच्या भूमीचे पुरेसे नकाशेच नसतील, तर धरण कोठे बांधावे, रस्ता कोठून न्यावा? नकाशे काढणारी माणसे त्याच देशांत तयार व्हावीत म्हणून १९५० साली त्यांनी डेल्फ्टला हवाई सर्वेक्षणाचे आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र उभारले. त्याच केंद्राच्या साहाय्याने १९६६ मध्ये आपल्या डेहराडूनला हवाई छायाचित्रांचा अर्थ लावण्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. १९७७ साली ते वारले. पंतप्रधानपद वर्षभराचेच ठरले. विद्यार्थी मात्र देशोदेशी पोहोचले.