कुलुपे घडविणाऱ्याचा मुलगा आणि विजेचा नियम

शालेय विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत हमखास येणारे एक उदाहरण आहे. सहा व्होल्टच्या बॅटरीला दोन ओहम आणि चार ओहम असे दोन रोध एकसर जोडले आहेत, तर परिपथातून किती धारा वाहील? विद्यार्थी दोन रोधांची बेरीज करतो, सहाला सहाने भागतो आणि एक अँपिअर असे उत्तर लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. ज्या नियमाच्या आधारे हा भागाकार होतो, तो मांडणाऱ्या जॉर्ज सायमन ओहम यांना मात्र त्या नियमाची फार मोठी किंमत मोजावी लागली.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एरलांगेन येथे झाला. वडील कुलुपे घडविणारे कारागीर होते, तर आई शिंप्याची मुलगी होती. सात भावंडांपैकी तिघेच जगली. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले. वडिलांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते, पण त्यांनी स्वतःच्या हिमतीवर गणित आणि विज्ञान आत्मसात केले होते आणि मुलांनाही तेच शिकविले. धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणितज्ञ म्हणून नावारूपाला आला.

१८०५ मध्ये जॉर्ज एरलांगेन विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांचे लक्ष अभ्यासापेक्षा नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरील घसरगाडीच्या खेळात अधिक रमले. घाम गाळून मुलाला शिकविणाऱ्या बापाला हे सहन होणे शक्य नव्हते. तीन सत्रांनंतर शिक्षण थांबले आणि मुलाची रवानगी स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून झाली. तेथे ते स्वतःच गणिताचे ग्रंथ वाचत राहिले. १८११ मध्ये एरलांगेनला परतून त्यांनी डॉक्टरेट मिळविली, परंतु विद्यापीठातील तुटपुंज्या मानधनावर गुजराण होईना. १८१३ मध्ये त्यांनी बामबर्गच्या शाळेत नोकरी धरली. ती शाळाही १८१६ मध्ये बंद पडली.

१८१७ मध्ये त्यांचे भूमितीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी कोलोन येथील माध्यमिक शाळेत त्यांना जागा मिळाली. या शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज होती. वडिलांच्या कार्यशाळेत हाताला लागलेले वळण येथे उपयोगी पडले. लागणारी उपकरणे ते स्वतः बनवू शकत होते.

विजेचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. व्होल्टा यांची बॅटरी १८०० मध्ये ज्ञात झाली होती. धारा वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची वळते, हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविले होते. मात्र बॅटरीचा जोर, तारेचा अडथळा आणि त्यातून वाहणारी धारा या तीन गोष्टींचे परस्परांशी नाते काय, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. या राशी मोजण्याची सर्वमान्य एकके तर नव्हतीच.

ओहम यांनी वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून चुंबकसूची किती वळते, हे मोजण्यास सुरुवात केली. १८२५ मध्ये त्यांनी पहिला निबंध प्रसिद्ध केला, परंतु त्यातील सूत्र चुकीचे निघाले. दोष बॅटरीचा होता. परिपथ जोडताच तिचा जोर घसरत असे, त्यामुळे पहिले मापन आणि शेवटचे मापन यांची तुलनाच होऊ शकत नव्हती. विज्ञान नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी एक उपाय सुचविला. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांच्या तापमानात फरक ठेवला की धारा निर्माण होते, असे झीबेक यांना १८२१ मध्ये आढळले होते. बॅटरीऐवजी हा स्थिर स्रोत वापरावा, अशी ती सूचना होती.

ओहम यांनी चुकीच्या सूत्राला कवटाळून न बसता प्रयोग पुन्हा पहिल्यापासून केला. बिस्मथ आणि तांबे यांचा एक सांधा त्यांनी उकळत्या पाण्याच्या उष्णतेत, तर दुसरा बर्फात ठेवला. तापमान स्थिर, म्हणून विजेचा जोरही स्थिर. मग लहानमोठ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून परिपथात जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसूचीवरील परिणाम नोंदविला.

तारेची लांबी दुप्पट केली तरी धारा बरोबर निम्मी होत नव्हती. मात्र तारेच्या लांबीत एक ठरावीक संख्या मिळविली की हिशेब चोख जुळत होता. ही संख्या होती उरलेल्या परिपथाच्या अडथळ्याची. अडथळा केवळ जोडलेल्या तारेत नसतो, स्रोतासह संपूर्ण परिपथात असतो आणि एकूण अडथळ्याने जोराला भागले की धारा मिळते, हे १८२६ मध्ये प्रथमच आकड्यांनिशी सिद्ध झाले. आज विद्यार्थी बॅटरीचा अंतर्गत रोध बेरजेत धरतो, तेव्हा तो हीच पायरी चढत असतो.

या शोधाच्या बळावर विद्यापीठात प्राध्यापकपद मिळावे, ही त्यांची आकांक्षा होती. अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेऊन ते बर्लिनला भावाकडे गेले आणि १८२७ मध्ये विद्युत परिपथाचे गणिती विवेचन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. उष्णता वहनाविषयी फूरिए यांनी मांडलेल्या गणिताचा प्रभाव त्यावर स्पष्ट होता. अनेक जर्मन भौतिकशास्त्रज्ञांना मात्र गणिताची ही भाषा परकी वाटली. पोल यांच्यासारख्या टीकाकारांनी ग्रंथाची कठोर संभावना केली. प्राध्यापकपद मिळाले नाहीच. व्यथित झालेल्या ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनच्या नोकरीचाही राजीनामा दिला. त्यानंतरची पाच वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापनावर काढावी लागली. १८३३ मध्ये न्युरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

नियम मात्र आपल्या गतीने पुढे जात होता. लाइपझिगचे फेशनर यांनी १८३१ मध्ये स्वतंत्र मापनांनी त्याला पुष्टी दिली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये ओहम यांना कोप्ले पदक प्रदान केले. मायदेशाच्या आधी परदेशाने हा गौरव केला. १८४५ मध्ये किरखोफ या अवघ्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने अनेक फाटे असलेल्या परिपथांसाठी आपले दोन नियम मांडले. कोणत्याही जोडबिंदूत येणारी आणि तेथून जाणारी धारा समान असते, हा त्यातला पहिला. दुसरा नियम बंद वळशातील विभवांतरांचा ताळेबंद मांडतो. आपल्या सहा व्होल्टच्या बॅटरीला तीन आणि सहा ओहमचे रोध समांतर जोडले, तर त्यांतून अनुक्रमे दोन आणि एक अँपिअर धारा वाहते आणि जोडबिंदूत त्यांची बेरीज तीन अँपिअर होते. येथे फाट्यांची बेरीज किरखोफ यांची, तर प्रत्येक फाट्यातला भागाकार ओहम यांचा.

ओहम १८४९ मध्ये म्युनिकला गेले आणि १८५२ मध्ये तेथील विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. आयुष्यभर ज्या पदाची आस धरली, ते वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी हाती आले. ते उपभोगण्यास जेमतेम दोन वर्षे मिळाली. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. ते अविवाहितच राहिले.

१८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ओहम हे नाव स्वीकारले. विजेच्या इस्त्रीपासून मोबाइलच्या चार्जरपर्यंत प्रत्येक उपकरणाची आखणी करताना अभियंता आजही या नावानेच हिशेब मांडतो. उत्तर चुकले म्हणून वही मिटवून ठेवणाऱ्या विद्यार्थ्यालाही हे सांगायला हवे, की ज्या सूत्राने तो उदाहरण सोडवितो, ते मांडणाऱ्या शिक्षकाचे पहिले उत्तरही चुकलेलेच होते.