कुष्ठरोगावर औषध दिलं, पण कृती गुपितच ठेवली : डॉ. भाऊ दाजी लाड यांची गोष्ट

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलेला माणूस पेंग्विन बघतो, हत्तीचा दगडी पुतळा बघतो आणि शेजारच्या म्युझियमच्या पाटीवर 'डॉ. भाऊ दाजी लाड' हे नाव वाचून पुढे जातो. हे डॉक्टर नेमके कोण, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. खरं तर एकेकाळी त्यांच्या दवाखान्यात श्रीमंतांपासून खिशात दमडी नसलेल्यांपर्यंत सगळ्यांची रांग लागायची.

मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ चा, गोव्यातल्या पेडणे भागातल्या मांद्रे गावचा. घरची परिस्थिती बेताची. पोरगा बुद्धिबळात भलताच हुशार निघाला. त्याचा खेळ बघून एका इंग्रजानं वडिलांना पटवलं, की याला इंग्रजी शिकवा, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. मग मुंबई, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि पुढे तिथेच शिक्षकाची नोकरी. कच्छ आणि काठियावाडमध्ये मुलींना जन्मताच मारून टाकण्याच्या प्रथेवर त्यांनी निबंध लिहिला आणि त्याला सरकारी बक्षीस मिळालं.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. लागलेली नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी व्हायचं, तेही मढी फाडावी लागणाऱ्या विद्येसाठी. त्या काळात हा साधा निर्णय नव्हता. १८५१ मध्ये कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी होते. थोडे दिवस सरकारी काम केलं आणि मग स्वतःची प्रॅक्टिस थाटली. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला.

शहरात एतद्देशीय डॉक्टर मोजकेच होते. साहेबाच्या डॉक्टरकडे जायला लोक बिचकायचे आणि वैद्याच्या काढ्यानं शस्त्रक्रिया होत नाही. भाऊ दाजींकडे दोन्ही बाजू होत्या. बाळंतपणातल्या शस्त्रक्रियांमध्ये त्यांचं नाव झालं. शिवाय संस्कृत वैद्यकग्रंथ वाचून त्यातली औषधं ते स्वतः पारखून बघायचे. प्रॅक्टिस जोरात चालली आणि पैसाही तसाच आला.

२०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला 'महाराज' सिनेमा आठवतो? त्यातला १८६२ चा खटला खरा आहे. यदुनाथजी महाराजांनी पत्रकार करसनदास मुळजी यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. महाराजांना गुप्तरोग झाल्याची वैद्यकीय बाजू कोर्टात मांडणाऱ्या डॉक्टरांमध्ये भाऊ दाजी होते. धर्मगुरूविरुद्ध साक्ष देणं म्हणजे त्या गुरूला मानणारे श्रीमंत पेशंट दुखावणं. तरी ते साक्षीला उभे राहिले.

पैसा मात्र त्यांच्या हातात टिकला नाही. एक कारण हौसेचं. जुने शिलालेख, नाणी, हस्तलिखितं यांचं त्यांना वेडच होतं. अजिंठ्याचे लेख त्यांनी वाचून प्रसिद्ध केले. जुनागढहून भगवानलाल इंद्रजी या तरुणाला बोलावून घेतलं आणि लेखांचे ठसे घ्यायला स्वखर्चानं देशभर फिरवलं. याच भगवानलालांनी पुढे नालासोपाऱ्याचा स्तूप खणून काढला आणि हॉलंडच्या लायडन विद्यापीठानं त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. दवाखान्यातल्या फीचा एवढा चांगला उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

दुसरं कारण शेअर बाजार. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रोज नवी कंपनी, रोज नवा शेअर. डॉक्टर, वकील, कारकून सगळे त्यात उतरले आणि भाऊ दाजीही उतरले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. प्रेमचंद रायचंदसारखा बाजाराचा राजा जिथे आपटला, तिथे डॉक्टरांचं काय? भाऊ दाजींनाही मोठा फटका बसला. त्यानंतरही शहरानं त्यांना दोनदा, १८६९ आणि १८७१ मध्ये, नगरपाल म्हणजे शेरीफ केलं. त्यांच्या नावानं मुलींची शाळा निघाली, तिच्यासाठी पैसा मित्रांनी आणि चाहत्यांनी उभा केला.

आता त्या औषधाबद्दल. कुष्ठरोग म्हणजे तेव्हा पूर्वजन्मीचं पाप. रोग्याला घराबाहेर काढायचे. भाऊ दाजी अशा रोग्यांना कवटी नावाच्या रानटी झाडाच्या बियांचं तेल देत, सोबत कडक पथ्य. रोग्यांना उतार पडतोय, अशी कीर्ती पसरली. पण औषध कशाचं, हे ते सांगेनात. पुरती खात्री पटल्याशिवाय जाहीर करायचं नाही, ही त्यांची भूमिका. टीका झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती. कृती उघड नसेल, तर दुसरा डॉक्टर ते औषध तपासणार कसं? आणि मधल्या काळात दूरच्या गावातल्या रोग्यानं करायचं काय? ज्या डॉक्टरनं गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना काढला, त्यानंच हे गुपित राखावं, हे आजही कोड्यात टाकतं.

१८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सननं कुष्ठरोगाचा जंतू शोधला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात भाऊ दाजी गेले. औषधाची कृती त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलीच नाही. कवटीच्या तेलाची माहिती नंतर इतरांच्या लिखाणातून बाहेर आली. कवटी आणि तिच्याच कुळातला चौलमोगरा यांचं तेल पुढे जगभर कुष्ठरोगावरचं मुख्य औषध ठरलं. १९४० च्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत डॉक्टर त्याचीच इंजेक्शनं देत होते.

ज्या म्युझियमच्या उभारणीसाठी भाऊ दाजी झटले, ते १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावानं उघडलं होतं. त्याला त्यांचं नाव मिळालं १९७५ मध्ये, ते गेल्यानंतर १०१ वर्षांनी. भाऊ दाजी गेले तेव्हा भगवानलाल मुंबईत नव्हते. ते त्यांच्याच कामासाठी नेपाळच्या बाजूला शिलालेख शोधत फिरत होते.