जोतीराव आणि गफ्फार बेग मुन्शी

माढा तालुक्यातील आपल्या मोहल्ल्यांत हे चित्र आपण अनेकदा पाहिले असेल. सातवी-आठवीतला मुलगा एके दिवशी शाळेत दिसेनासा होतो आणि कुर्डुवाडीच्या एखाद्या गॅरेजात किंवा वडिलांच्या हातगाड्यावर उभा दिसतो. घरच्यांना तरी दोष कसा द्यावा? अशाच एका मुलाची ही हकिकत आहे. तो आपल्या समाजाचा नव्हता. त्याच्यासाठी धावून गेलेला माणूस मात्र आपला होता.

जोतीराव गोविंदराव फुले यांचा जन्म १८२७ सालचा. ते तान्हे असतानाच आई चिमणाबाई निवर्तल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांचा सांभाळ केला. सातव्या वर्षी मुलगा पुण्यात मराठी शाळेत बसला व हुशार निघाला. परंतु माळ्याच्या मुलाने शिकणे धर्माला धरून नाही, शिकलेला मुलगा शेतीच्या कामाचा राहत नाही, असे लोकांनी वडिलांच्या मनात भरविले. शाळा सुटली, हाती खुरपे आले. १८४० मध्ये सावित्रीबाईंशी विवाहही झाला.

दिवसभर मळ्यात राबून हा मुलगा रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक घेऊन बसे. शेजारी राहणाऱ्या गफ्फार बेग मुन्शींच्या ते ध्यानी आले. मुन्शीजी उर्दू-फारसीचे शिक्षक. हा मुलगा ना त्यांच्या नात्याचा, ना त्यांच्या दीनाचा. त्याच्या शिकण्यातून त्यांना काहीच मिळणार नव्हते. तरी लिजिटसाहेब या ख्रिस्ती शेजाऱ्यांसह त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली. एखाद्या बापाला त्याच्याच मुलाविषयी चार शब्द सांगणे किती नाजूक असते, हे आपण जाणता. आपण बहुधा तो त्यांच्या घरचा प्रश्न म्हणून गप्प राहतो. गोविंदरावांनी ऐकले. १८४१ मध्ये चौदा वर्षांचे जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि १८४७ पर्यंत त्यांनी आपले इंग्रजी शिक्षण पूर्ण केले.

इथे बदरच्या युद्धकैद्यांची आठवण होते. ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेतील दहा-दहा मुलांना अक्षरे शिकविण्याच्या मोबदल्यात मुक्त केले होते. काल तलवार घेऊन आलेले ते मूर्तिपूजक आज मुसलमान मुलांचे शिक्षक झाले. इल्म घेताना जिथे परकेपणा मानला गेला नाही, तिथे देताना तो कसा मानावा? मुन्शीजींनी तो मानला नाही.

पुढे १८४८ मध्ये जोतीरावांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यापायी वडिलांचे घर सोडावे लागले, तेव्हा या दांपत्याला गंज पेठेत आसरा दिला तो उस्मान शेख यांनी. सावित्रीबाईंच्या सोबतीला फातिमा शेख उभ्या राहिल्या. १८५६ मधील सावित्रीबाईंच्या पत्रात त्यांचे नाव आहे. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला.

जोतीरावांनी प्रेषितांवर (स.) काव्यरचना केली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आयुष्याच्या अखेरीस पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी असे एक कुटुंब कल्पिले आहे, जिथे आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असूनही सारे एका छपराखाली प्रेमाने नांदतात. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. पुस्तक त्यानंतर छापून निघाले. गफ्फार बेग मुन्शींच्या वाट्याला चरित्रग्रंथांत दोन-चार ओळीच आल्या आहेत.