लाल फोकरपलीकडचा 'रेड बॅरन'

पहिल्या महायुद्धातील वैमानिकांवर बेतलेल्या मेजावरच्या खेळांत माइक कार यांनी १९६६ साली तयार केलेला आणि १९८२ पासून 'डॉन पेट्रोल' या नावाने ओळखला जाणारा खेळ प्रसिद्ध आहे. अशा खेळात वैमानिकाची भूमिका घेतली, की त्याला विमान कोणते द्यायचे हा प्रश्न येतो. जर्मनीच्या मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेनच्या, अर्थात 'रेड बॅरन'च्या बाबतीत उत्तर जणू ठरलेलेच असते : एकावर एक तीन पंख असलेले लालभडक फोकर. त्याचे चरित्र मात्र निराळे सांगते.

२ मे १८९२ रोजी ब्रेस्लाऊ (आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे उमराव घराण्यात जन्मलेला रिश्टहोफेन मुळात घोडदळातला. खंदकांच्या युद्धात घोडदळाला काम उरले नाही, तेव्हा १९१५ मध्ये तो हवाई दलात गेला. आधी निरीक्षक, नंतर वैमानिक. ओस्वाल्ड बोल्के या नामवंत वैमानिकाने त्याला आपल्या तुकडीत निवडले. १७ सप्टेंबर १९१६ रोजी त्याने आपला पहिला अधिकृत विजय मिळवला, तो अल्बाट्रॉस विमानातून.

जानेवारी १९१७ मध्ये एका तुकडीचे नेतृत्व त्याच्याकडे आले आणि त्याने आपले अल्बाट्रॉस लाल रंगवले. त्याच महिन्यात हवेत असतानाच विमानाच्या खालच्या पंखाला तडा गेला. तो बचावला, पण काही काळ त्याला दुसरे विमान घ्यावे लागले. तरीही त्या वर्षीच्या एकट्या एप्रिलमध्ये त्याने वीसहून अधिक विमाने पाडली. जुलैमध्ये त्याच्या डोक्याला गोळी लागली.

तीन पंखांचे फोकर त्याच्या हाती आले ते १९१७ च्या उन्हाळ्याअखेरीस. त्याचेही वरचे पंख मोडून अपघात झाले आणि ती विमाने दुरुस्तीसाठी काही काळ जमिनीवरच ठेवावी लागली. रिश्टहोफेनच्या ८० विजयांपैकी जेमतेम पाव विजय या फोकरचे. बहुतेक श्रेय अल्बाट्रॉसचे.

आपल्या सहकाऱ्यांना चांगले विमान मिळावे यासाठी तो आग्रही होता. जानेवारी १९१८ मध्ये बर्लिनजवळच्या आडलर्सहोफ येथील चाचण्यांत त्याने नवे फोकर डी-७ चालवून पाहिले आणि त्याच्या बाजूने कौल दिला. हे विमान पुढे जर्मनीचे सर्वोत्तम लढाऊ विमान ठरले. त्यातून लढण्याची संधी मात्र त्याला मिळाली नाही. २१ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यात, एका ब्रिटिश विमानाचा अगदी खालून पाठलाग करताना, त्याच जुन्या फोकरमध्ये तो मारला गेला. वय अवघे २५. श्रेय कॅनडाच्या रॉय ब्राऊन याला देण्यात आले. तथापि गोळी जमिनीवरून आली असावी, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. शत्रूनेच त्याचे लष्करी इतमामात दफन केले.

खेळाच्या मेजावर रिश्टहोफेनला विमान देताना म्हणूनच आधी महिना आणि साल पाहावे. रंग त्याने स्वतः निवडला होता. विमान मात्र त्या घडीला कारखान्यातून जे येई, तेच त्याच्या वाट्याला येत असे.